रिकामी मूठ : नाण्यांच्या हातचलाखीच्या सरावाच्या नोंदी

नाणं डाव्या मुठीत ठेवायचं, मूठ उघडायची, आणि आत काही नसायचं. एवढी एकच गोष्ट चारचौघांत धडपणे करता यावी म्हणून हा खटाटोप सुरू केला. तीन आठवडे पुरतील असा हिशेब होता. चौदा लागले, आणि त्यातले निदान सहा फुकट गेले. कुठे गेले ते खाली आहे. वहीतल्या नोंदी जवळपास तशाच उतरवल्यात. डावखुऱ्यांनी हातांची अदलाबदल करून वाचावं.

३ मार्च

हाताला लागलं ते नाणं घेऊन बसले. व्यास मोजला, २३ मि.मी. माझा हात लहान, तेव्हा लहान नाणं सोपं जाईल अशी समजूत. चूक. लहान नाणं तळहाताच्या खळग्यात नुसतं लोळतं, त्याला धरायला दोन्ही बाजूंनी मांस पोचतच नाही. संध्याकाळी जुन्या डब्यातून ३० मि.मी.च्या आसपासचं एक जाडजूड नाणं शोधून काढलं आणि ते पहिल्याच फटक्यात चार सेकंद टिकलं. या कलेत वर्षानुवर्षं अमेरिकेचा अर्धा डॉलर वापरतात, त्याचं माप ३०.६ मि.मी. आणि वजन ११.३४ ग्रॅम, हे नंतर वाचलं. उगाच नाही वापरत. आणखी एक : कडेला खाचा असलेलं नाणं घ्या. गुळगुळीत कडेचं साबणासारखं निसटतं.

९ मार्च

क्लासिक पाम. म्हणजे नाणं तळहाताच्या मधोमध, अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा आणि करंगळीखालचा गादीसारखा भाग यांच्या चिमटीत धरायचं. पाचही बोटं मोकळी राहिली पाहिजेत. मधलं बोट आणि अनामिका यांच्या टोकांनी नाणं आत दाबून बसवायचं.

सहा दिवसांत नाणं टिकायला लागलं, पण हात? अंगठा काटकोनात ताठ, बोटं फाकलेली, मनगट वाकडं. नवऱ्याने पेपरातून मान वर करून विचारलं, “अगं, हात आखडलाय का?” त्याला नाणं दिसलं नव्हतं. काहीतरी बिघडलंय एवढं मात्र दिसलं होतं, आणि तेवढं पुरेसं आहे.

दाबायचं किती हा सगळा प्रश्न. मी जिवाच्या आकांताने दाबत होते. खरं तर नाणं योग्य जागी बसलं तर हात नुसता सैल सोडला की पुरतं. ती जागा प्रत्येकाच्या हातात थोडी वेगळी असते. माझी मला अंगठ्याच्या बाजूला, मध्यापासून बोटभर सरकलेली सापडली. शोधायला चार दिवस गेले, कारण मी चित्रात दाखवलेल्या जागेवर अडून बसले होते.

१४ मार्च

नाणं दिवसातून दोनशे वेळा पडतं. फरशीवर पडलं की आवाज, मग वाकणं, मग कपाटाखाली काठी घालणं. मोजलं तर तासातली वीस मिनिटं नाणं उचलण्यात जात होती. आता पलंगाशी उभी राहून, चादरीवर सराव. सोपी गोष्ट, पण ११ दिवस सुचली नाही.

आणि बसून सराव करणं कमी केलं. दिवसभर नाणं तळहातात ठेवून कामं करायची : दार उघडायचं, टाइप करायचं, शर्टाची बटणं लावायची, पाण्याचा ग्लास उचलायचा. बटणं सगळ्यात अवघड. टी. नेल्सन डाउन्स (१८६७–१९३८) हा नाण्यांच्या जादूचा बादशहा म्हणवला गेलेला माणूस मुळात रेल्वेतला तार-ऑपरेटर होता. तोही कामातल्या फावल्या वेळात असंच नाणं घोळवत असणार असं मी मनाशी ठरवून टाकलंय. धीर येतो.

२२ मार्च

आठवडाभर फ्रेंच ड्रॉप. डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर नाणं आडवं धरायचं, उजवा हात ते घ्यायला येतो, उजवा अंगठा नाण्याखालून जातो, आणि नेमक्या त्या क्षणी नाणं डाव्या तळहातात सोडून द्यायचं. उजवी मूठ रिकामीच निघून जाते. रोज चाळीस मिनिटं आरशासमोर. आजच्या तारखेला आरशातली मी मलाच फसवते आहे. उद्या ताईकडे दाखवणार.

२३ मार्च

ताईचा मुलगा सात वर्षांचा. मी उजवी मूठ पुढे केली, फुंकर मारली. तो म्हणाला, “मावशी, त्या हातात आहे.” उजवीकडे पाहिलंसुद्धा नाही त्याने. पुन्हा केलं. (पुन्हा करायचं नसतं, हे माहीत असून केलं.) त्याने येऊन डावा हात सरळ उघडला.

ताईला विचारलं, तुला काय दिसलं? ती म्हणाली, “दिसलं काहीच नाही गं. पण तो डावा हात असा अधांतरी लटकून का राहिला होता?”

३० मार्च

मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवून चित्रण केलं. तीन गोष्टी दिसल्या आणि तिन्ही आरशाने माझ्यापासून लपवल्या होत्या.

एक, नाणं सोडायच्या क्षणी मी डोळे मिचकावते. दर वेळी. म्हणजे आरशात मला चोरी दिसायची नाही, कारण चोरीच्या वेळी मी बघतच नव्हते! हे वाचून हसू नका, तुमचंही चित्रण करून बघा.

दोन, ताई म्हणाली तेच. डावा हात चोरी झाल्यावर मेल्यासारखा जागच्या जागी थिजतो.

तीन, त्या क्षणी माझी हालचाल एकदम वेगात होते. हात डोळ्यांपेक्षा चपळ असतो वगैरे म्हणतात ते विसरा. बाकी सगळं संथ आणि मध्येच एक झटका, म्हणजे जाहीर घोषणाच झाली की इथे काहीतरी केलं.

आरसा पुसून ठेवून दिला. आता फक्त बघणाऱ्याच्या कोनांसाठी वापरते.

५ एप्रिल

हा दिवस पहिल्या आठवड्यात यायला हवा होता.

खोटं करायचं थांबवलं. नाणं डाव्या हातातून उजव्या हातात *खरोखर* घेतलं, वीस वेळा, आणि त्याचं चित्रण केलं. मग ते संथ करून पाहिलं. नाणं दिल्यावर डावा हात आपोआप ढिला पडतो आणि मांडीकडे उतरतो. नजर नाण्याबरोबर जाते. खांदेसुद्धा इंचभर तिकडे वळतात. उजवी मूठ गच्च आवळलेली नसते, आत वस्तू असल्यामुळे तिला थोडा फुगीरपणा असतो. माझी खोटी मूठ लिंबू पिळल्यासारखी आवळलेली होती. नाणं नसताना नाण्याएवढी जागा ठेवायची असते!

म्हणजे मी महिनाभर चोरीचा सराव केला, पण ज्या गोष्टीची नक्कल करायची ती गोष्ट कधी नीट पाहिलीच नव्हती. तेव्हापासूनचा नेम : एकदा खरं, एकदा खोटं, एकदा खरं, एकदा खोटं. दहा मिनिटं. चित्रण बघताना कुठलं खरं हे मलाच ओळखता येईना, की त्या दिवसापुरतं पुरे.

याच दिवशी फ्रेंच ड्रॉप सोडला. त्यात नाणं घेण्याची पद्धतच अशी आहे की कोणी शहाणा माणूस असं नाणं घेत नाही. तो चांगला करणारे लोक आहेत, मी त्यातली नाही. त्याऐवजी रिटेन्शन पास घेतला. उजव्या बोटांच्या चिमटीत नाणं, ते डाव्या तळहातावर टेकवायचं, डावी बोटं त्यावर मिटू लागतात, आणि नाणं बोटांआड जायच्या शेवटच्या क्षणी उजवा हात ते परत ओढून घेतो. बघणाऱ्याच्या डोळ्यांत नाण्याची चमक रेंगाळते आणि त्याला वाटतं ते आत गेलं. ओढलेलं नाणं उजव्या मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या मुळाशी, किंचित वळलेल्या बोटांत राहतं. हा फिंगर पाम. क्लासिक पामपेक्षा दसपट सोपा. मी उगाच अवघडापासून सुरुवात केली.

११ एप्रिल

इथे मोह झाला. मसल पास म्हणजे तळहातातलं नाणं अंगठ्याच्या बुडाने पिळून वरच्या दिशेने उडवायचं, जणू ते उलटं पडतं. बघायला भन्नाट. दोन दिवस, रोज दोन-दोन तास. नाणं बोटभर उडालं. तळहाताची कातडी सोलली, अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागला, बरणीचं झाकण फिरवता येईना.

२० एप्रिल

नऊ दिवस सराव बंद. उजव्या हाताने नाणं धरलंच नाही. ज्यांना मसल पास शिकायचाच आहे त्यांनी दिवसाला पाच मिनिटं करावं आणि दुखलं की थांबावं. माझ्यापुरता तो वहीतून खोडला. ज्या कामासाठी बसले होते त्याच्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

२६ एप्रिल

नवऱ्यापुढे रिटेन्शन पास. हात नीट, वेग नीट, डोळे उघडे. तरी तो म्हणाला, “उजव्या हातात होतं की चांगलं. डाव्यात कशाला ठेवलंस?”

मला उत्तर देता आलं नाही. हात कितीही साफ असो, नाणं एका हातातून दुसऱ्यात का जातं याला कारण नसेल तर बघणारा नेमका तिथेच अडतो.

बराच विचार करून पेन आणलं. उजव्या हातात नाणं आहे, पेन उजव्या खिशात आहे. पेन काढायचं तर उजवा हात मोकळा हवा, म्हणून नाणं डाव्या हातात ठेवते. पेन काढते, डाव्या मुठीवर टेकवते. हे सांगावं लागत नाही, दिसतं. पुन्हा नवऱ्यालाच दाखवलं. या वेळी त्याने “का” विचारलं नाही, “कुठे गेलं?” विचारलं.

२७ एप्रिल ते २ मे

खिशाचा घोळ. आधी ठरवलं होतं की पेन काढतानाच नाणं खिशात सोडून द्यायचं. पण हात खिशात दोन सेकंद जास्त चाचपडतो, किल्ल्यांवर नाणं वाजतं. बदल : नाणं बोटांतच ठेवून पेन काढायचं. पेन धरलेल्या हाताची बोटं वळलेली असणारच, त्यामुळे नाणं झाकणाऱ्या वळणाला आयतं निमित्त मिळतं. मूठ उघडून दाखवायची, लोक त्या रिकाम्या हाताकडे बघत असताना पेन परत खिशात टाकायचं आणि त्याबरोबर नाणं. तेव्हा कोणी खिशाकडे बघत नाही, कारण त्यांच्या लेखी जादू होऊन गेलेली असते. खिसा मात्र आधी रिकामा करा. रुमालसुद्धा नको.

३ मे

नजर. अजूनही मी चोरी झाल्यावर क्षणभर उजव्या हाताकडे बघते, नाणं दिसतंय का ते तपासायला. बघणारेही बघतात. गुस्ताव कून आणि मायकेल लँड यांनी २००६ मध्ये चेंडूच्या जादूवर केलेला एक प्रयोग आहे. जादूगार चेंडू खरंच वर फेकतो, मग शेवटी फेकल्याचं नुसतं नाटक करतो. त्याची नजर वर गेली तर कितीतरी जणांना चेंडू वर जाऊन गायब झाल्याचं ‘दिसलं’. नजर हाताकडेच राहिली तर फसणारे बरेच कमी. मला तोच रोग.

उपाय अगदी घरगुती. मूठ मिटताना मनात म्हणायचं, “गार आहे.” नाण्याचा स्पर्श डाव्या हातात आहे असं स्वतःलाच पटवायचं. वेडेपणा वाटेल, पण नजर आपोआप तिकडे राहते. आणि मूठ मिटली की लगेच वर, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं आणि काहीतरी विचारायचं. माणसाला प्रश्न विचारला की तो तोंडाकडे बघतो. प्रश्न खरा हवा. “तुम्हाला काय वाटतं?” याला कोणी दाद देत नाही. “मघाशी छाप वर होता की काटा?” याला देतात, कारण आठवावं लागतं.

१० मे

दोन नाण्यांची हाव. शटल पासमध्ये एका हातातलं नाणं दुसऱ्यात ओतल्यासारखं करायचं, पण ते आहे तिथेच राहतं आणि दुसऱ्या हातात आधीच लपवलेलं जुळं नाणं दिसतं. ताईला दाखवलं. ती लगेच म्हणाली, “मघाचं काळपट होतं.” नाणी एकाच जातीची होती, पण एक झिजलेलं, एक कोरं. मी हातांकडे इतकी बघत होते की नाण्यांकडे पाहिलंच नाही. मग ढिगातून वर्ष, झीज आणि रंग जुळणारी जोडी निवडायला एक अख्खी संध्याकाळ.

दुसरा त्रास आवाजाचा. एका हातात दोन नाणी आली की ती बोलतात. ‘टिक्’ एवढं झालं तरी संपलं. दुसरं नाणं पहिल्यावर आदळू न देता त्याच्या कडेवर टेकवून मग सरकवत खाली आणायचं. रेडिओ बंद करून, शांत खोलीत, डोळे मिटून सराव. झिजलेल्या नाण्यांचा आवाज मऊ येतो, म्हणून कोरी जोडी बाद. एवढं करूनही दहातल्या तीन वेळा वाजतात. ही चाल अजून लोकांपुढे नेलेली नाही.

१८ मे

कोन. समोरून सगळं ठीक, पण चौघं जण अर्धगोलात बसले आणि डावीकडच्या बाईंना अनामिका आणि करंगळी यांच्या फटीतून नाण्याची कड चमकताना दिसली. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या हसल्या. त्यापेक्षा बोलल्या असत्या तर बरं.

मोबाइल तीन ठिकाणी ठेवून पाहिला : अगदी डावीकडे, अगदी उजवीकडे, आणि जमिनीवर बसलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. तिसरा सगळ्यात वाईट. खालून फिंगर पाम उघडाच पडतो. हाताची पाठ त्या बाजूला किंचित झुकवली की झाकतं. डावीकडच्यांसाठी मीच थोडी वळून उभी राहते. मुलांना खुर्चीवर बसवते, जमिनीवर नाही. आणि बाह्या कोपरापर्यंतच्या. लांब बाही असली की काहीही करा, लोक म्हणणार बाहीत गेलं.

१ जून

ऑफिसातले सहा जण, जेवणाच्या सुट्टीत. हात थरथरत होते आणि घामेजलेले. घरी याचा सराव करता येत नाही. पास करायच्या आधीच नाणं निसटलं, टेबलावर आपटलं, गडगडत खाली गेलं. सगळे त्याच्यामागे वाकले. एकाने उचलून दिलं.

मी म्हणाले, “हे असं पळतं, म्हणून मुठीत ठेवावं लागतं,” आणि तिथेच पास केला. इतका सैल हात माझा कधीच पडला नव्हता. एक तर सगळ्यांनी नाणं हाताळून झालं होतं, साधं एकच नाणं आहे याची खात्री झाली होती. शिवाय त्यांच्या लेखी जादू अजून सुरूच व्हायची होती, गोंधळ निस्तरणं चाललं होतं. मूठ उघडली तेव्हा दोन सेकंद कोणी काही बोललं नाही.

पुन्हा दाखव म्हणाले. दाखवलं नाही. २३ मार्च आठवला.

५ जून

नाणं मुद्दाम पाडून पाहिलं, चित्रणासाठी. पडायच्या आधी मी त्याच्याकडे बघते. अगदीच नाटकी. चार दिवस दिले आणि सोडलं. खरंच पडलं तर काय बोलायचं एवढं मात्र पाठ आहे.

९ जून

ताईकडे. तोच मुलगा, आता खुर्चीवर बसवलेला. पेन, पास, प्रश्न. प्रश्नाला त्याने उत्तर दिलं नाही, माझ्या डाव्या मुठीवरून नजर हलवली नाही. मुलांशी हे असं होतं, ती तोंडाकडे बघत नाहीत. पण त्याला बघू दिलं, तिथे बघण्यासारखं काही नव्हतंच. मूठ त्याने स्वतः उघडली, एकेक बोट करून. मग माझा उजवा हात मागितला. तोवर पेन खिशात गेलेलं होतं, हात कोरा. त्याने टेबलाखाली पाहिलं, बाही नसलेल्या दंडाकडे पाहिलं.

“मावशी, पेन दे.”

दिलं. त्याने रिफिल बाहेर काढली, स्प्रिंग सोडवली, आणि एक डोळा मिटून नळीत बराच वेळ बघत बसला.